उंबरे मोजताना

गावाचं नाव सांगणार नाही. लोकसंख्येचा आकडाही सांगणार नाही, कारण तेवढ्या वस्तीची इलिनॉयमधली गावं शोधायला कुणी बसलं तर अर्ध्या तासात बोट ठेवेल. अमेरिकेच्या जनगणनेत प्रगणक होताना मी शपथ घेतली, ती आयुष्यभराची आहे. दारात ऐकलेलं बाहेर फुटलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. म्हणून पुढं येणारी माणसं दोन जनगणना आणि चार-पाच गावं यांत ढवळून घेतली आहेत. कुणाचं कुत्रं कुणाच्या अंगणात बांधलंय. भूगोल मात्र जसाच्या तसा आहे. त्याला शपथ लागू नाही.

२००९च्या मंदीत माझी नोकरी गेली. अवजड यंत्रांचे भाग बनवणारा कारखाना होता. एका शुक्रवारी आमच्या खात्यातल्या अकरा जणांच्या टेबलांवर सामान भरायला रिकामी खोकी आणून ठेवली, एवढीच काय ती नोटीस. सात-आठ महिने घरात बसून काढले. मग जनगणनेची जाहिरात दिसली. लायब्ररीच्या तळघरात परीक्षा झाली, अठ्ठावीस प्रश्न आणि अर्धा तास. त्यात नकाशा दाखवून 'अमुक चौकातून उत्तरेला गेलात तर डाव्या हाताला काय' असले प्रश्न होते. मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी, इंजिनियरिंगची पदवी बाळगून, चौथीच्या भूगोलाचा पेपर देत होतो. पास झालो. बोटांचे ठसे घेतले, चार दिवस प्रशिक्षण दिलं, खांद्याला काळी पिशवी आणि गळ्यात बिल्ला दिला. ताशी मजुरी, शिवाय स्वतःची गाडी वापरल्याबद्दल मैलामागे पन्नास सेंट.

साताऱ्याकडं फोन करून वडिलांना सांगायला मला लाज वाटत होती. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे घराण्याचा धंदा सुटला नाही म्हणायचा."

वडील प्राथमिक शाळेत मास्तर. १९८१च्या जनगणनेत गाव त्यांच्याकडं होतं. मी नऊ वर्षांचा. गेरूचा डबा धरून त्यांच्या मागं फिरायचो आणि ते चौकटीवर काडीनं घर क्रमांक घालायचे. २८ फेब्रुवारीच्या रात्री ते कंदील घेऊन बाहेर पडले. देवळाच्या ओवरीत झोपलेले, पालं टाकून उतरलेले, अशा बिनघराच्या माणसांची गणती त्या एकाच रात्री होत असे. मलाही जायचं होतं, आईनं सोडलं नाही. माणसं मोजायची तर उंबऱ्याशी उभं राहायचं, हे तेव्हापासून डोक्यात बसलेलं. आमच्याकडं गावाचा आकारच उंबऱ्यांत सांगतात. तीनशे उंबऱ्यांचं गाव म्हटलं की पुढचं कळतं.

इथं पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. उंबरे एकमेकांपासून मैलभर लांब.

आपल्याकडं गावाची पांढरी वेगळी आणि काळी वेगळी. पांढरीत राहायचं, काळीत राबायचं. शेत कितीही लांब असो, रात्रीला माणूस गावठाणात परततो. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत शेतकरी काळीतच राहतो. आपल्या जमिनीच्या कडेला त्याचं घर, मागं धान्याच्या गोल पत्र्याच्या कणग्या, यंत्रांची शेड, दोन-चार झाडं, आणि रस्त्याच्या कडेला खांबावर पत्रपेटी. मग गावात कोण राहतं? निवृत्त शेतकरी, शाळेची बस चालवणारा, पंचवीस मैलांवरच्या इस्पितळात रात्रपाळी करणारी नर्स, शहरात भाडं परवडत नाही म्हणून आलेलं जोडपं. गावाभोवती नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन, आणि गावात मात्र शेती करणारं घर दोन-तीनच. हे पचायला मला वेळ लागला.

या पसरटपणाचं मूळ १७८५च्या एका कायद्यात आहे. नव्या मुलखाची मोजणी करताना सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे, त्याला टाउनशिप म्हणायचं. त्यात छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैल, म्हणजे सहाशे चाळीस एकर. सोळाव्या नंबरचा तुकडा शाळेसाठी राखायचा. जमीन आधी कागदावर कापली आणि माणसं मागाहून येऊन त्या चौकोनांत बसली. बहुतेक तुकड्यांच्या कडांवरून रस्ते गेले. मध्य इलिनॉयमध्ये पुष्कळ ठिकाणी रस्त्यांना नावंही आकड्यांची आहेत. '१५०० नॉर्थ'नंतर '१६०० नॉर्थ' आला की एक मैल झाला. घराचा क्रमांक १५३७ असला तर ते मैलाच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरा पुढं. पत्ता विचारायला चौकात पिंपळ नाही की पाराखाली माणूस नाही; पत्ता म्हणजे आलेखाच्या कागदावरचा बिंदू.

एकच घोटाळा आहे, आणि तो पृथ्वी गोल असल्यामुळं झालाय. उत्तरेला जाणाऱ्या रेषा वर जाताना जवळ येतात, त्यामुळं चौकोन नीट बसत नाहीत. मोजणीदारांनी ठरावीक अंतरावर ती चूक एकदम भरून काढली. अशा रेषेवर सरळ चाललेला रस्ता अचानक काटकोनात वळतो, थोडं आडवं जातो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात एका रात्री परतताना मी वळलो नाही. गाडी नव्यानं पेरलेल्या रानात वीसेक फूट आत गेली. सकाळी त्याच शेतकऱ्याच्या दारात मला फॉर्म घेऊन जायचं होतं. त्यानं चाकांचे व्रण पाहिले, माझ्या बुटांचा चिखल पाहिला आणि म्हणाला, "पृथ्वीच्या गोलाईत सापडलात वाटतं." ती मुलाखत माझ्या सगळ्या मुलाखतींत लवकर उरकली.

गावाची ठेवण मात्र चौकोनाची नाही, रेल्वेची आहे. पहिले वसाहतवाले झाडांच्या राईला धरून राहिले. लाकूड तिथं होतं, आणि जिथं झाड उगवत नाही ती जमीन पिकणार कशी अशी त्यांची समजूत. म्हणून 'ग्रोव्ह' शेपटीची इतकी गावं. १८५०च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वे आली आणि मोकळ्या माळावर लोहमार्गाच्या कडेनं गावं ओळीनं उगवली. घोड्याच्या गाडीत धान्य भरून स्टेशनावर घालायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं, या हिशोबानं त्यांची अंतरं पडली. मार्ग तिरपा असला तर गल्ल्या त्याला समांतर, म्हणजे गाव एका दिशेला आणि भोवतीची शेतं दुसऱ्या. विमानातून पाहिलं तर चौकड्याच्या कापडावर तिरपं ठिगळ लावल्यासारखं दिसतं. रुळांना लागून एलेव्हेटर उभा असतो. एलेव्हेटर म्हणजे लिफ्ट नव्हे. धान्य वर चढवून साठवायचं उंच कोठार. हा आणि पाण्याची टाकी, दोन्ही मैलोन्मैल दिसतात. आपल्याकडं लांबून देवळाचा कळस दिसला की गाव आलं म्हणतात, तसं.

हल्ली आगगाडी थांबत नाही. शाळा शेजारच्या दोन गावांच्या शाळेत विलीन झाली. तिन्ही गावांची आद्याक्षरं जोडून तिला एक न उच्चारता येणारं नाव दिलंय. पोस्ट अजून आहे, तेही दिवसाचे काही तास. घरोघरी टपाल नाही, पोस्टातल्या आपापल्या पेटीतून ज्यानं त्यानं न्यायचं. जनगणनेचे फॉर्म मात्र पोस्टातल्या पेटीवर पाठवत नाहीत, ते घराच्या पत्त्यावर जातात, कारण माणूस कुठल्या चौकोनात झोपतो ते कळायला हवं. अशा गावांत कित्येकांपर्यंत फॉर्म पोचलेलाच नसायचा, आणि मी दारात उभा राहिलो की ते वर मलाच ऐकवायचे, "तुम्ही लोकांनी आम्हाला विचारलंच नाही."

'व्हिलेज' हा शब्दही फसवा. इलिनॉयमध्ये तो कायदेशीर दर्जा आहे, खेडेपणाशी त्याचा संबंध नाही. शिकागोजवळचं शॉमबर्ग सत्तर हजारांहून मोठं, तेही व्हिलेजच. आणि कुठं काही शे वस्तीची सिटी. आमच्या व्हिलेजला एक अध्यक्ष, सहा विश्वस्त आणि एक कारकून बाई. या बाईंना जनगणनेचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. राज्याच्या प्राप्तिकरातला आणि इंधनावरच्या करातला गावाचा वाटा माणशी ठरतो, आणि तो आकडा दहा वर्षं चालतो. एक घर सुटलं की दहा वर्षांचा घाटा. मी गाडी लावली की त्या खिडकीतून हात करून म्हणायच्या, "चर्चच्या मागचा ट्रेलर झाला का?"

आता एका माणसाची गोष्ट. गावाची शीव म्हणजे रस्त्याकडेची हिरवी पाटी, त्यावर नाव आणि लोकसंख्या. पाटीच्या पलीकडं, रस्ता ओलांडून त्याचं घर. स्वयंसेवी अग्निशमन दलात तो पंचवीस वर्षं होता. गावातलं खेळाचं मैदान त्याच्या आजोबांनी दिलेल्या जमिनीवर. रविवारी गावातल्या चर्चमध्ये, इतर दिवशी सकाळी पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलावर. त्याची बायको पाटीच्या आतल्या बाजूला पुरलेली आहे. माझ्या नकाशावर तो गावाबाहेर, टाउनशिपच्या उरलेल्या भागात मोडत होता. गावाच्या निवडणुकीत त्याला मत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. पण पाटीवरच्या आकड्यात आपण नाही, हे त्याला माझ्या तोंडून पहिल्यांदा कळलं.

"म्हणजे इतकी वर्षं हा आकडा मला सोडून होता?"

मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटलो, हद्द, नियम वगैरे. मराठीत ते एका वाक्यात सांगता आलं असतं. तो गावचा होता, गावात नव्हता.

त्यानंतर मी दारं वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागलो. फॉर्म विचारतो एवढंच की १ एप्रिलला इथं कोण राहत होतं. बहुतेक दिवस राहतं कुठं, झोपतं कुठं. कुणाचं कुठं काय अडकलंय, हे विचारत नाही. एका घरी मुलानं आईचं नाव सांगितलं. वय ऐंशीच्या वर. मी ते लिहिणार, तेवढ्यात आतून सून म्हणाली, "त्या दोन वर्षं नर्सिंग होममध्ये आहेत." नियम स्पष्ट होता. बाई तिकडच्या, काउंटीच्या मुख्य गावाच्या आकड्यात जाणार. मुलगा दारात उभा राहून मला समजावत राहिला की तिची खोली तशीच आहे, चष्मा इथं आहे, ती या घरात लग्न होऊन आली. मी नाव खोडलं. नियमाप्रमाणं केलं आणि मला त्याचं समर्थनही करता येईल, पण ते खोडणं माझ्या लक्षात आहे. याच नियमानं कॉलेजात शिकणारी पोरं कॉलेजच्या गावची धरतात आणि तुरुंगातले कैदी तुरुंगाच्या गावचे. तुरुंग असलेल्या लहानशा गावाचा फुगलेला आकडा पाहिला की मला त्या बाईंचा चष्मा आठवतो.

रिकामं घर ओळखणं ही तर वेगळीच विद्या. विजेचं मीटर फिरतंय का, पत्रपेटी तुंबलीय का, दारापुढच्या बर्फावर कधी पावलं उमटली होती हे शेजाऱ्याला आठवतंय का. आमचा मुकादम म्हणायचा, गवत बघा. एका घराचं गवत ताजं कापलेलं होतं म्हणून मी पाच खेपा घातल्या, दाराला चिठ्ठ्या अडकवल्या. शेवटी नियमानुसार शेजाऱ्याला विचारलं. मालक तीन वर्षांपूर्वी वारला होता. गवत शेजारी कापत होता, आपलं कापून झालं की यंत्र तसंच पुढं ढकलायचं. "कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला, "पण थांबायचं कुठं तेही कुणी सांगितलं नाही." मी फॉर्मवर 'रिकामं' अशी खूण केली.

कुत्र्यांबद्दल फार लिहीत नाही. दोनदा गाडीच्या टपावर चढलोय.

आर्थर गावाभोवतीच्या आमिश लोकांत एक आठवडा काढला. वीज नाही, मोटार नाही, दारात घोड्याची बग्गी. मला वाटलं हे सरकारी माणसाला उभं करणार नाहीत. घरधन्यानं ओळीनं मुलांची नावं सांगितली, जन्मतारखा न अडखळता. मला पुरवणी फॉर्म जोडावा लागला. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडं पाऊस कधी येतो? मी मृगाचं सांगितलं. पुढं अर्धा तास आम्ही पेरणीवर बोललो. तो वेळ मजुरीच्या तक्त्यात कसा दाखवायचा ते कळेना, म्हणून दाखवला नाही.

वंशाच्या प्रश्नाशी हमखास थांबायला व्हायचं. मी इंडियन, हे एका आजींना पटेना. त्यांच्या लेखी इंडियन म्हणजे इथले मूळचे. त्यांचं चूक नव्हतं. हा सगळा माळ किकापू लोकांचा. १८१९च्या तहात तो त्यांच्या हातून गेला. देशाची पहिली जनगणना १७९०ची, पण कर न भरणाऱ्या मूळ रहिवाशांना मोजायचंच नाही, असं घटनेत लिहिलेलं. म्हणजे गावाच्या पहिल्या आकड्याच्या आधीही इथं माणसं होती, पण कागदावर शून्य. आजींनी माझ्या बिल्ल्याकडं बघून म्हटलं, "आणि आता एक इंडियन आम्हाला मोजतोय." आणि त्या स्वतःच खूप वेळ हसल्या.

२०१०चं काम जुलैत संपलं. त्याच काळात ओळख झालेल्या एकाकडं मी नोकरीला लागलो. शेतात निचऱ्याचे पाइप टाकणारा ठेकेदार. इथं त्याला टाइल म्हणतात, कारण पूर्वी ते भाजलेल्या मातीचे, साधारण फूटभर लांबीचे असत. आता छिद्रांचा प्लास्टिकचा पाइप येतो. हे काम केलं नसतं तर या मुलखाचा अर्धा भूगोल मला कळला नसता. आज जगातल्या उत्तम जमिनींत गणली जाणारी ही जमीन दीडशे वर्षांपूर्वी दलदल होती. हिमनद्यांनी सपाट केलेला, पाण्याला उतारच नसलेला माळ. उन्हाळ्यात डास आणि हिवताप. हजारो वर्षं गवताची मुळं कुजून माती काळीभोर झाली, पण वर पाणी उभं. १८७०नंतर लोकांनी हातानं चर खणून तीन-चार फूट खाली नळ्या पुरल्या आणि पाणी ओढ्यांत काढलं. जुन्या नळ्यांचे नकाशे नाहीत. आमची यंत्रं त्यांवर आदळायची तेव्हा कळायचं की इथंही कुणीतरी होऊन गेलंय. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला गावाचा वादळाचा भोंगा चाचणीसाठी वाजतो. पहिल्यांदा तो ऐकून मी चरात आडवा पडलो होतो, तो किस्सा ठेकेदार अजून सांगतो.

२०२०मध्ये पुन्हा प्रगणक झालो. या वेळी कागद नाही, सरकारी फोन. कोविडमुळं दारोदारचं काम ऑगस्टवर गेलं आणि १५ ऑक्टोबरपर्यंत चाललं. मेमध्ये तीन मैलांवरून दिसणारी घरं ऑगस्टमध्ये दिसेनात. मका डोक्याच्या वर गेलेला, चौकात समोरून येणारी गाडी कळत नाही. सप्टेंबरअखेर कापणी सुरू झाली आणि रोज एकेक घर पुन्हा उघडं पडायला लागलं. लोक कम्बाइनवर बसलेले. मी बांधाला उभा राहून ओरडून जन्मतारखा विचारायचो. तोंडाला पट्टी, हवेत भुसा. पाटीपलीकडच्या माणसाचं घर होतं, तो नव्हता. त्याचा मुलगा शेत दुसऱ्याला कसायला देऊन शहरात गेला होता. गवत कापलेलं होतं.

आकडे २०२१च्या ऑगस्टमध्ये आले. खेड्यांच्या आकड्यांत या वेळी मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली होती. लहान वस्तीत एखाद्याची माहिती ओळखू येऊ नये म्हणून गणिती पद्धतीनं दोन-चार माणसं इकडं-तिकडं करायची. राज्याचा एकूण आकडा पक्का, गावाचा जरा हललेला. नेब्रास्कातलं मोनोवी हे गाव एकाच माणसाच्या वस्तीसाठी प्रसिद्ध आहे. २०१०मध्ये तिथली लोकसंख्या एक होती. २०२०मध्ये दोन छापली. तिथल्या एकुलत्या एक बाईंना दुसरं माणूस कोण ते माहीत नव्हतं. हे मी वडिलांना फोनवर सांगितलं तर त्यांना पटेना. एक माणूस जास्त लिहिला म्हणून त्यांना तहसील कचेरीत दोन दिवस बसवून ठेवलं होतं, तो माणूस पाहुणा निघाला होता.

माझी स्वतःची गणती राहिलीच सांगायची. मार्च २०२०मध्ये मी सुटीवर साताऱ्याला गेलो आणि विमानं बंद झाली. १ एप्रिलला मी वडिलांच्या घरात होतो. त्या रात्री झोपलो तिथं, ओसरीवर. जूनमध्ये विशेष विमानानं शिकागोला परतलो आणि फॉर्म भरायला बसलो. उत्तर मला पाठ होतं, दहा वर्षांपूर्वी लोकांना तेच सांगत फिरलो होतो. तात्पुरता बाहेर असलेला माणूस त्याच्या नेहमीच्या पत्त्यावर धरायचा. मी इलिनॉय लिहिलं.

निघायच्या आदल्या दिवशी वडिलांनी चौकटीवरचा रंग नखानं खरवडून पाहिला होता, १९८१चा गेरू खाली आहे का. सापडला नाही, मधे चौकटच बदललेली. भारतातली पुढची जनगणना तेव्हा पुढं ढकलली गेली होती. मी सहज विचारलं, "होईल तेव्हा माझं काय लिहाल?"

"मास्तर येईल तेव्हा इथं असलास तर लिहीन," ते म्हणाले आणि नखातला रंग धोतराला पुसून आत गेले.